एकनळीची वकिली

शस्त्र परवान्याच्या अर्जात परवाना कशासाठी हवा, असा एक प्रश्न असतो. तिथे भल्याभल्यांचं पेन घुटमळतं. माणूस छताकडे बघतो, शेजारच्याला विचारतो आणि शेवटी ‘आत्मसंरक्षणार्थ’ असं लिहून मोकळा होतो. कोणतं शस्त्र हवं, या प्रश्नाला मात्र एवढा विचार लागत नाही. ते अर्ज विकत घेण्याआधीच ठरलेलं असतं. बत्तीसचं रिव्हॉल्व्हर!

बत्तीसची मोहिनी मी समजू शकतो. ते कमरेला लावता येतं. पंगतीत बसताना शर्ट जरासा वर सरकला की उजवीकडच्या चार पानांना दिसतं. ज्याला दाखवायचं त्याला दिसतं, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्यालाही दिसतं. ‘पॉइंट थ्री टू’ म्हणताना तोंड भरतं. प्रत्यक्षात हे काडतूस 1896 सालचं, अमेरिकेत जन्मलेलं. ताकदीच्या हिशेबात तिकडचे लोक त्याची गणना किरकोळीत करतात. आपल्याकडचं सरकारी रिव्हॉल्व्हर कानपूरला बनतं आणि त्याची ठेवण जुन्या इंग्रजी वेब्लीवरून घेतलेली आहे. 2014 साली याच कानपूरच्या कारखान्यानं खास महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचं अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत 1,22,360 रुपये, आणि सोबत दागिने ठेवायची असते तशी मरून रंगाची पेटी. म्हणजे वस्तू कपाटात कोणत्या खणात जाणार आहे, हे कारखान्यानंच ओळखलं होतं.

त्यात ऐंशीच्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. तेव्हापासून देशात असलेल्या जुन्या वेब्ली, जुन्या वॉल्थर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फिरताहेत आणि दर फेरीला महाग होताहेत. वापरून जुनी झाली की किंमत वाढते अशा वस्तू आपल्या राज्यात दोनच. एक ही, आणि दुसरी पुण्यातला डेक्कनवरचा फ्लॅट.

माझं म्हणणं एवढंच की या सगळ्या झगमगाटात खऱ्या कष्टकरी बंदुका मागे पडल्या. बंदूक जेवढी जास्त काम करते तेवढी तिची इज्जत कमी, असा उलटा हिशेब आपल्याकडे रूढ झाला आहे. त्यातल्या काहींची बाजू मांडायला मी उभा आहे. फी नको. अशिलांकडे द्यायला काही नाही.

पहिलं अशील म्हणजे एकनळी बारा बोअर.

एक नळी, एक घोडा, एक चाप, एक काडतूस. हिच्यात बिघडण्यासारखं काही नाही, त्यामुळे मित्रमंडळींत हिच्याबद्दल बोलण्यासारखंही काही नाही. बारा बोअर हा आकडाही बिचारीच्या विरुद्ध जातो. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर, असा हा जुना हिशेब आहे. साहजिकच सोळा बोअरची नळी बारापेक्षा लहान. पण नवा परवानाधारक दुकानात येतो तो ‘जरा जास्त बोअरची दाखवा’ म्हणत. दुकानदार जुना असेल तर समजावून सांगतो. नवा असेल तर सोळा बोअर काढून देतो.

एकनळी उघडताना बघावी. घोड्याजवळचा खटका अंगठ्यानं सारला की नळी बिजागरीवर मोडून खाली झुकते. कोठी उघडी पडते. त्यात काडतूस असेल तर पितळी बूड चकाकतं, नसेल तर नळीतून पलीकडचं आभाळ दिसतं. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजीलाही कळतं, आणि ती तिथूनच ओरडू शकते. अशी सोय बत्तीसच्या कुठल्याही पिस्तुलात नाही. पिस्तुलातली गोळी आत कुठे बसली आहे हे मालकालाही पुष्कळदा आठवावं लागतं, आणि ‘रिकामंच आहे हो’ या वाक्यानंतर झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतच असतो. एकनळीवाला माणूस बांधावरून चालताना बंदूक मोडून खांद्यावर टाकतो. समोरून येणाऱ्याला धीर येतो, आणि चार गोष्टी बोलून तो पुढे जातो. मोडलेली बंदूक खांद्यावर असताना भांडण फार चढत नाही.

हिची काडतुसं आपल्या घरचीच आहेत, पुण्याच्या खडकीची. तिथला दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू आहे आणि त्याच्या बारा बोअर काडतुसाचं नाव ‘शक्तिमान’. दूरदर्शनवरच्या शक्तिमानाशी याचं नातं नाही. तो गोल गोल फिरायचा, हा सरळ जातो आणि जाता जाता पसरतो. पूर्वी कागदी पुंगळीची काडतुसं मिळत. कोकणातल्या आषाढाची ओल लागली की ती फुगत आणि नळीत जायला साफ नकार देत. म्हणून आमच्याकडे ती तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची रीत होती. भाताचं आधण चढवून डब्यात हात घातलेल्या काकूच्या ओंजळीत अधूनमधून चार नंबर यायचं. चार नंबर म्हणजे पाखरांसाठीचे बारीक छर्रे आणि एलजी म्हणजे डुकरासाठीचे मोठाले मणी, हे ज्ञान आमच्या घरातल्या बायकांना पुरुषांच्या आधी असे.

एकनळीत एकच बार असल्यामुळे माणूस नेम धरतो. दुनळीवाला पहिला बार अंदाजानं टाकतो आणि दुसरा रागानं. पाच-सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवाल्याबद्दल मला बोलायचंच नाही, कारण त्यानं परवाना मिळाल्यापासून एकही गोळी झाडलेली नसते. चुकून झाडली तर ती वरातीत. तेही आता महाग पडतं. 2019 च्या कायदादुरुस्तीनं आनंदाच्या भरात केलेल्या बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. वरातीच्या घोड्याला तरी हा कायदा फार आवडला असणार.

दुसरं अशील वयोवृद्ध आहे आणि त्याला जरा कमी ऐकू येतं. ठासणीची बंदूक.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून या बंदुका आहेत. हिला काडतूस नाही. शिंगातून दारू नळीत ओतायची, वर काथ्याची बोळी सारायची, लांब गजानं ठासायची, मग छर्रे, मग पुन्हा बोळी, पुन्हा गज. शेवटी मागच्या बोंडीवर तांब्याची केप चढवायची आणि घोडा ओढायचा. हे सगळं शेतातल्या माळ्यावर, अंधारात, डासांच्या साक्षीनं. खाली भातात डुकरं शिरलेली असतात आणि वर गजाचा ठक्‌ठक्‌ आवाज चाललेला असतो. डुकरांना हा आवाज पाठ असतो. पहिली ठकठक झाली की पिल्लं कडेला घ्यायची, दुसरी ऐकू आली की निघायचं, असा त्यांचा शिरस्ता असावा.

बार निघाला की जो धूर होतो त्यात बंदूकवाला, माळा आणि निम्मं शेत दिसेनासं होतं. डुकराला लागलं की नाही हे धूर विरेपर्यंत बंदूकवाल्याला कळत नाही. डुकराला लगेच कळतं. दुसरा बार भरेपर्यंत ते शेजारच्या गावच्या हद्दीत पोचलेलं असतं, आणि पुढचा प्रश्न त्या गावच्या पोलीसपाटलाचा.

मग हिची वकिली कशाला, असं कोणी विचारील. कारण शेतीसंरक्षणाला जे लागतं ते हिच्यात भरपूर आहे. मोठा आवाज, मोठा धूर आणि लांब न जाणारे छर्रे. डुक्कर मरायलाच हवं असं शेतकऱ्याचं म्हणणं नसतं. ते शेजारच्या भातात गेलं तरी त्याचं समाधान होतं. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. पळवायला लागत नाही, आणि पळवण्याच्या कामात ठासणीचा हात धरणारी दुसरी बंदूक नाही.

अलीकडे सगळ्या परवान्यांची माहिती संगणकावर गेली आणि प्रत्येक परवानाधारकाला ओळख क्रमांक मिळाला. ठासणीवाले म्हातारे कागदांची पिशवी घेऊन तालुक्याला गेले. संगणकासमोरच्या पोरानं विचारलं, “आजोबा, बंदूक कुठल्या कंपनीची?”

“ठासणीची.”

“ते कळलं. पण बनवली कोणी?”

“माझ्या आज्याक ठावक असतला. तो गेलो.”

“मॉडेल काय लिहू?”

“ठासणीची लिव.”

पोरानं दोन्हीकडे ठासणीची लिहिलं. सरकारच्या संगणकात इतकी प्रामाणिक नोंद क्वचित झाली असेल.

आपल्याकडे या बंदुकीला मान फार तर खंडेनवमीला मिळतो, आणि तिथेही हळदकुंकू आधी रिव्हॉल्व्हरला लागतं, कारण फोटो त्याचा जायचा असतो. कर्नाटकातल्या कोडगूत हे पाहावं. तिथल्या कोडवा लोकांना परवान्यातून जुनी सूट आहे, आणि सप्टेंबरात कैलपोळ्द नावाच्या सणाला ते घरातल्या बंदुका झाडूनपुसून मांडतात, त्यांची पूजा करतात आणि त्यांना कळलावीच्या फुलांनी सजवतात. त्यात नवी-जुनी, महाग-स्वस्त असा भेद नाही. फूल सगळ्यांना मिळतं.

मधल्यामध्ये तीनशे पंधराच्या रायफलीलाही नमस्कार करून घेतो. इंग्रज सरकारला धास्ती होती की लष्करी मापाची काडतुसं बंडवाल्यांच्या हाती पडतील. म्हणून फौजेतल्या थ्री-नॉट-थ्रीचं माप खासगी लोकांना बंद केलं आणि त्यांच्यासाठी तीनशे पंधरा हे वेगळं माप आलं. इंग्रज गेला, त्याची धास्ती मात्र नियमात राहिली. बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यानं ही रायफल पुढे चालू ठेवली. उत्तरेत तिला मोठा मान आहे. आमच्याकडे ती मागे पडली याचं मला दुःख नाही. कोकणात एका डोंगरावरून रायफल झाडली तर गोळी समोरच्या डोंगरावरच्या वाडीत कोणाच्या अंगणात पडेल ते सांगवत नाही, आणि अंगणाच्या मालकाशी आपलं आधीच बांधावरून चाललेलं असतं.

आता बावीस. पॉइंट टू टू. या बंदुकीनं महाराष्ट्राला जेवढं दिलं तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळून दिलं नसेल, पण परवानाधारकांच्या बैठकीत हिचं नाव काढलं की लोक चहाचं बघायला उठतात. कारण आवाज. बावीसचा बार टचकन होतो आणि संपतो. गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम. एवढ्याशा आवाजानं शेजारी दबत नाहीत.

पण कोल्हापूरला विचारा. तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं ते बावीसच्याच रायफलीनं. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई खेळांत सुवर्ण घेतलं ते बावीसच्या पिस्तुलानं. आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुण मिळवून कांस्यपदक आणलं. महाराष्ट्रातल्या माणसाला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं ते खाशाबा जाधवांच्या 1952 नंतर थेट 72 वर्षांनी. हा गडी तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 50 मीटरवरच्या 10.4 मिलिमीटरच्या वर्तुळात गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून गोळी घालणारा माणूस फलाटावर उभा असेल, तर विनातिकीट मंडळींनी नशीब अजमावू नये.

ज्या जिल्ह्यानं बावीसवर एवढं नाव कमावलं, त्याच जिल्ह्यातला गुंठेवाला बंदूक घ्यायची म्हटली की बत्तीस मागतो. वरचे दहा त्याला कशासाठी हवेत, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि सगळ्यांत खाली, अगदी पायरीवर, छर्‍याची बंदूक. एअरगन. हिला परवानाही लागत नाही. 4.5 मिलिमीटरची नळी आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असली की कायदा हिच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि कायदा बघत नाही म्हणून बंदूकवालेही बघत नाहीत. ‘कावळे उडवायची’ एवढीच हिची ओळख. आता 11 ऑगस्ट 2008 आठवा. बीजिंगला अभिनव बिंद्रानं भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण घेतलं ते या जातीच्या बंदुकीनं. मुंबईची अंजली भागवत 2002 साली जगात पहिल्या क्रमांकावर होती तीही याच जातीच्या जोरावर. दहा मीटरवर जे दहा गुणांचं टिंब असतं त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे या वाक्याच्या शेवटी असलेल्या पूर्णविरामाएवढं. परवान्याच्या बंदुकीनं एवढ्या अंतरावरून ज्यांना म्हैस चुकते असे दोन इसम मी ओळखतो. म्हैस त्यांचीच होती, आणि चुकली हे बरंच झालं.

अर्थात या बंदुकीची खरी शाळा ऑलिंपिकात भरत नाही. ती जत्रेत भरते. फळीवर ओळीनं फुगे टांगलेले, मागे गोधडी लावलेली, आणि पुढे बाकावर दोन-तीन स्प्रिंगच्या बंदुका. मालक मांडीवर नळी मोडून छर्रा घालतो आणि बंदूक आपल्या हातात देतो. तिची माशी डावीकडे वाकलेली असते. हे मालकाला माहीत असतं, पण तो सांगत नाही. त्याचा प्रपंच त्या वाकड्या माशीवर चालतो. पहिले तीन छर्रे गोधडीत. चौथ्याला शहाणा पोरगा फुगा सोडून त्याच्या डाव्या अंगाला नेम धरतो आणि मधला फुगा फटकन फुटतो. आता मालक त्याच्याकडे निरखून बघतो आणि म्हणतो, “बाळा, ती बंदूक ठेव, ही दुसरी घे.” दुसरीची माशी उजवीकडे वाकलेली असते. या शाळेतून जो पास झाला त्याला पुढच्या आयुष्यात कोणतीही बंदूक द्या, तो आधी विचारतो, हिची खोड काय? बत्तीसवाल्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण त्याचं शस्त्र बोलायला लागलेलंच नसतं.

एक दिवस मात्र असा येतो की परवान्याच्या सगळ्या बंदुका एका रांगेत उभ्या राहतात. निवडणूक लागते. आचारसंहिता जाहीर झाली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो आणि शस्त्रं जमा होतात. कोणाची घ्यायची, कोणाला सूट द्यायची हे ठरवायला जिल्ह्याला छाननी समिती असते. पण सूट मिळवायला ओळख लागते आणि ओळख रिव्हॉल्व्हरवाल्याची असते. त्यामुळे ठाण्याच्या भिंतीला टेकून उभ्या दिसतात त्या एकनळ्या आणि ठासण्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली. कोकणातलं भात तेव्हाच तयार होतं. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक नेमकी शेतीचं संरक्षण करायच्या दिवसांत ठाण्यात जाऊन बसली.

पावती घेताना एका भाऊंनी हवालदाराला विचारलंच, “आमची बंदूक तुमी ठेवल्यात, बरा केल्यात. पण डुकरांका कोण सांगतलो आचारसंहिता लागली म्हणान?”

हवालदार तिथलाच. तो म्हणाला, “भाऊ, त्यांचा मतदारयादीत नाव नाय. त्यांका लागू नाय.”

राहता राहिली 2019 ची ती दुरुस्ती. वरातीच्या दंडाबरोबर तिनं आणखी एक गोष्ट केली. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, ती दोनवर आणली. वडिलोपार्जित असलं तरी दोनच. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना तिसरं देऊन टाकायला वर्षभराची मुदत होती. आमच्या मावसकाकांकडे तीन होती. आज्याची दुनळी, बापाची एकनळी आणि स्वतःचं बत्तीस. घरात चर्चा झाली. दुनळी इंग्रजी, तिच्या दमास्कस नळीवर लाटांसारखी सुंदर नक्षी. ही जुनी वळलेली नळी आताच्या काडतुसांचा दाब सोसेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिच्यातून वर्षानुवर्षं बार निघालेला नाही. पण ती दिवाणखान्यातल्या भिंतीवर शोभते आणि पाहुणे तिच्याखाली बसून फोटो काढतात. तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. बत्तीसबद्दल तर कोणी तोंडच उघडलं नाही. सर्वानुमते एकनळी गेली. तिच्या बाजूनं फक्त मावशी बोलली, आणि तिला विचारलं नव्हतं.

पुढच्या हंगामात डुकरं आली. त्यांना पाण्याजवळचं भात आवडलं. काकांनी वनखात्याकडे रीतसर अर्ज केला, परवानगीचा कागद आणला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कागदाप्रमाणे वागायला हाताशी काही नाही. भिंतीवरची दुनळी झाडली तर डुकरापेक्षा काकांना धोका जास्त. उरलं बत्तीस. काका शिकलेले, त्यामुळे त्यांनी आधी वकिलांना फोन केला.

वकीलसाहेब म्हणाले, “परवान्यावर काय लिहिलंय? आत्मसंरक्षणार्थ. म्हणजे डुकरानं तुमच्यावर चाल करायला हवी. भातावर केलेली चाल त्यात बसत नाही.”

“मग मी भातात जाऊन उभा राहू?”

“राहा ना. पण ते तुम्हाला सोडून भातच खात राहिलं, तर मला पुन्हा फोन करू नका.”

सध्या काका रात्री मळ्यात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा वाजवतात. बत्तीस आधी कमरेलाच असायचं. डबा वाजवताना ते हाताला टोचायचं, म्हणून आता काका ते घरी ठेवून जायला लागले आहेत.